हॉलच्या मधोमध

१

वर्गाची वेळ दहाची होती, त्यामुळे तो सव्वादहाला सुरू व्हायचा. तोवर शेखर सर जिन्यात उभे राहून फोनवर कोणाशी तरी वाद घालत असायचे आणि बाकीची मंडळी द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलेली असायची. साक्षी मात्र पावणेदहालाच येऊन खुर्ची धरायची. सात वर्षं घड्याळ बघून औषधं दिलेल्या बाईला उशीर करायचा म्हटलं तरी जमत नाही.

हॉल पहिल्या मजल्यावर. खाली ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि ट्रक मागे घेणाऱ्यांचा दिवसभर आरडाओरडा. वर पिवळट फरशी, चार पंखे, भिंतीशी रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. सकाळी अभिनय, बारानंतर झुंबा, आणि मुहूर्त असला तर संध्याकाळी कोणाचा तरी साखरपुडा. दारावर फ्लेक्स होता : 'अभिनयाची मूलतत्त्वे. तीस दिवसांचा प्राथमिक वर्ग. वयाची अट नाही.'

ही शेवटची ओळ वाचून अश्विननं, म्हणजे साक्षीच्या पुण्यातल्या धाकट्या भावानं, तिचा फॉर्म भरून टाकला होता. साक्षीला अभिनयाची हौस होती असं कोणी समजू नये. ती चव्वेचाळीस वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि आईच्या आजारपणात शाळेतली क्लार्कची नोकरी सुटली होती. आईची, भिमाबाईंची, डावी बाजू लकव्यानं गेली ती गेलीच. सात वर्षं त्या पलंगावर होत्या आणि जानेवारीत वारल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि अश्विन म्हणाला, "ताई, आता तू घराबाहेर पड. काहीही कर, पण बाहेर पड." नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तो नव्हता, म्हणून ती हो म्हणाली.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना फरशीवर उताणं पडून अंग सैल सोडायला सांगितलं. बाकीच्यांनी अंग सोडलं, साक्षीला झोपच लागली. ती घोरलीसुद्धा. जागी झाली तेव्हा सगळे गोल बसून चहा पीत होते आणि तिच्या अंगावर कोणाची तरी ओढणी होती. ओढणी तेजलची. तेजल बावीस वर्षांची, सटाण्याहून शिकायला आलेली, कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी.

"ताई, तुम्ही लय दमलेल्या दिसता," ती म्हणाली. इतकं साधं आणि खरं वाक्य साक्षीला बऱ्याच दिवसांत कोणी ऐकवलं नव्हतं. तिला एकदम रडू आलं आणि ते लपवायला तिनं चहा मागितला.

२

आठव्या दिवशी सरांनी वस्तूंशिवाय कृती करायला दिली. रोजचं एखादं काम घ्यायचं आणि हातात काहीही नसताना ते करून दाखवायचं. नियम एकच, आणि सर तो उठता-बसता सांगायचे : जे जिथं ठेवलं ते तिथंच असतं.

"हवेत ठेवलेला पेला उचलायला गेलात आणि हात वीतभर बाजूला पडला, तर बघणाऱ्याला कळतं. काय चुकलं ते त्याला सांगता येणार नाही, पण चुकलंय हे कळतं. इथं टेबल मांडलं ना? मग त्यातून चालत जायचं नाही. टेबलाला वळसा घालून जायचं."

सनी नावाच्या, रील बनवून स्वतःवर खूश असणाऱ्या पोरानं दाढी केली आणि हसवायला म्हणून गाल कापून घेतला. तेजलनं भाकरी थापली. तव्यावर टाकताना तिची बोटं खरंच भाजल्यागत मागे आली आणि सरांनी मान डोलावली.

साक्षीनं चहा करायचं ठरवलं होतं. त्यात काही अवघड नव्हतं. ती हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली, आणि हातांनी तिला न विचारताच दुसरं काम काढलं. त्यांनी आधी पलंगाची कड चाचपली. मग एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, पोटातून एक दबका हुंकार, आणि पलंगावरची व्यक्ती कुशीवर वळली. तिला गुडघ्याचा टेकू देऊन साक्षीनं ओली चादर गुंडाळून पाठीशी सरकवली. मेणकापड पुसलं. पाठीवर पावडर लावली, तळहात उघडा ठेवून, बेडसोरची जखम टाळत. नवी चादर अर्धी अंथरली. मग पलंगाला वळसा घालून पलीकडं गेली, तिला दुसऱ्या कुशीवर घेतलं, जुनी ओढून काढली, नवी ताणली, उताणं केलं आणि उशी सारखी केली. दोन मिनिटंही लागली नसतील. सात वर्षं, दिवसातून तीनदा केलेलं काम होतं ते.

खाली कोणी तरी "आन दे, आन दे" म्हणून ट्रक मागे घेत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"पलंगावर कोण आहे, ताई?" सरांनी हळूच विचारलं.

"कोणी नाही. पेशंट."

"पेशंटला नाव असेल ना?"

"नाही," साक्षी म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. एवढ्या अनोळखी लोकांपुढं आईला उघडं-नागडं आणायचं तिला नको होतं. म्हणून तिनं पलंग मांडला, चादर मांडली, वजनही मांडलं, पण त्या वजनाला आई होऊ दिलं नाही. ती जागा तिनं कोणाचीच ठेवली नाही. मग टाळ्या वाजल्या. साक्षीच्या आयुष्यातल्या त्या पहिल्याच टाळ्या, आणि खोटं कशाला सांगा, तिला त्या फार आवडल्या.

३

त्यानंतर रोज शेवटची पंधरा मिनिटं साक्षीच्या पलंगाची असं ठरूनच गेलं. सर खुर्ची उलटी करून बसायचे. "वजन कमी पडतंय," म्हणायचे. "माणूस उचलताय की उशी?" साक्षी पुन्हा पहिल्यापासून करायची. दमायची, पण ह्या दमण्याकडं निदान कोणी तरी बघत होतं.

सतराव्या दिवशी सरांनी तिला जिन्यात थांबवलं. त्यांचा एक ग्रुप होता, आरोग्यावरची पथनाट्यं गावोगाव करणारा. जीपनं महिनाभर फिरायचं : पेठ, सुरगाणा, मग उलटं वळून सटाणा. त्यांना चाळिशीतली एक बाई हवी होती. "वर्ग संपला की पुढच्या सोमवारी निघायचं. येता?"

साक्षी विचार करून सांगते म्हणाली, आणि रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की विचार करण्यासारखं काही नव्हतंच. तिला जायचं होतं. सात वर्षांत ती दवाखाना, मेडिकल आणि घर ह्यापलीकडं गेलेली नव्हती. पेठचा घाट, जीपच्या मागच्या सीटवर बसून खाल्लेले शेंगदाणे, कोणत्या तरी शाळेच्या व्हरांड्यात रात्रभर सलग लागलेली झोप. एवढंच तिला हवं होतं, आणि ते फार हवं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना हो सांगून टाकलं.

एकोणिसाव्या दिवशी घोटाळा झाला. तसा काही मोठा नव्हता. झुंबाच्या मॅडम वेळेआधीच स्पीकर घेऊन दारात आल्या, सरांनी घड्याळ पाहिलं, टाळी वाजवली. "बास, ताई, थांबा तिथंच. उद्या पुढं." साक्षी तेव्हा पलंगाच्या अलीकडच्या बाजूला होती. पेशंट कुशीवर, तोंड पलीकडं, चादर अर्धी निघालेली, अंग पलंगाच्या कडेला. टाळी वाजल्याबरोबर तिनं हात काढून घेतले, चप्पल घातली आणि ती खाली उतरली.

रिक्षा उपनगरच्या स्टॉपपर्यंत आली तेव्हा तिला आठवलं. आपण तिला कडेला, कुशीवर सोडून आलो. पुढच्या क्षणी तिचं तिलाच हसू आलं. कोणाला सोडून आलो? फरशीला? घरी येऊन तिनं वरण-भात लावला, ताट वाढून घेतलं, आणि दोन घास खाऊन झाकून ठेवलं. पेशंटला कडेला कुशीवर टाकून कोणी जात नाही. सात वर्षांत ती एकदाही गेली नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे चालणं. अभिनयाच्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून चालायला शिकवतात आणि ते कोणालाच नीट जमत नाही. सगळ्यांनी हॉलभर वाटेल तसं चालायचं, एकमेकांना धक्का लावायचा नाही, आणि हॉलचा कुठलाही भाग रिकामा राहू द्यायचा नाही. सर म्हणायचे, "जागा भरा."

"जागा भरा," त्या दिवशीही ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज चढला. "अरे, सगळे भिंतीला काय चिकटताय? मध्ये या. मध्ये सगळं मोकळं पडलंय."

सगळे मध्ये आले. पुन्हा फाकले. साक्षी चालताना खाली बघत होती, म्हणून तिला आधी दिसलं. पंधरा-सोळा माणसं पाऊल वाकडं करून एका जागेला वळसा घालत होती. कोणी थबकत नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. सनी फोनवर बोलण्याची नक्कल करत सरळ तिकडं निघाला आणि बोलता बोलताच वळला. ती जागा साडेसहा फूट लांब असेल आणि तीन फूट रुंद. भिंतीला समांतर नव्हती, जरा तिरकी होती. साक्षीनं आठव्या दिवशी पलंग मांडला तो तसाच, जरा तिरका मांडला होता, कारण घरच्या खोलीत खिडकीमुळं तो तसा ठेवावा लागायचा.

"काय लावलंय तुम्ही?" शेखर सर वैतागून उठले आणि दाखवायला म्हणून स्वतः चालू लागले. भिंतीपासून निघाले, ताठ, आवाज करत. पलंगाच्या पायथ्याशी येऊन ते उजवीकडं वळले, कडेकडेनं गेले, उशाशी पुन्हा डावीकडं वळले आणि समोरच्या भिंतीला पोचले. "असं," ते म्हणाले. "एवढं सोपं आहे."

साक्षीनं स्वतःशी वाद घातला. लोकांनी तिला रोज तिथं काम करताना पाहिलंय, डोळ्यांना सवय झाली, पाय आपोआप टाळतात. मेंदूचं असंच असतं. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि तिला पटलंही. मग तिनं सरळ त्या जागेकडं चालून बघितलं. तिच्या मांडीला कशाची तरी कड लागली.

५

त्या दिवशी शेवटच्या पंधरा मिनिटांत तिनं उरलेलं काम पुरं करायला घेतलं. पेशंटला आधी कडेवरून आत सरकवायचं, मग बाकी सगळं. तिनं खांद्याखाली हात घातला. हात भरला. ह्याला दुसरा शब्द नाही. रिकाम्या हवेत हात घातला आणि तो एखाद्याच्या अंगाखाली जातो तसा दबून आत गेला.

ती घाबरली नाही, कारण घाबरायलाही ताकद लागते आणि तिची ताकद त्या वजनाला लागली होती. तिनं हुंकार भरून कूस वळवायला घेतली, आणि तेव्हा ती घाबरली. पलंगावरचं अंग स्वतः वळलं. गुडघा वर घेऊन, डावा हात टेकून, तिला मदत करून वळलं.

भिमाबाईंनी सात वर्षांत कधी मदत केली नव्हती. त्यांना शक्यच नव्हतं. त्यांचा डावा हात जिथं ठेवू तिथं राहायचा. शेवटी शेवटी त्या छत्तीस किलोच्या झाल्या होत्या. हे वजन छत्तीस किलोचं नव्हतं.

साक्षीनं कशीबशी चादर ताणली, उताणं केलं, आणि जवळजवळ पळतच बाजूला झाली. सर मात्र खुर्चीतून उठून आले. त्यांचे डोळे भरले होते. "हेच!" ते म्हणाले. "हेच मी वीस दिवस सांगतोय. आज पहिल्यांदा तिथं माणूस होतं."

"सर, ती आई नव्हती."

"आईच होती, ताई. तुम्ही तिला आत येऊ देत नव्हता, आज आली. रडा हवं तर, काही हरकत नाही."

"माझ्या आईची डावी बाजू गेलेली होती," साक्षी म्हणाली. "ह्या बाईनं डावा हात टेकला." सरांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि सनीला चहा आणायला पाठवलं. शिकवणाऱ्या माणसाला आपलं शिकवणं फळाला आलं असं एकदा वाटलं की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

६

चोविसाव्या दिवशी ती गेलीच नाही. अंग दुखतंय असा मेसेज टाकला, आणि ते खोटं नव्हतं. रोज ते वजन उचलून दंडापासून मनगटापर्यंत हात भरून आले होते, आई असताना यायचे तसे. सकाळी अकराला ती नुसती पडून होती तेव्हा अश्विनचा फोन आला.

"मग, सोमवारची तयारी?" त्याचा आवाज खुशीत होता. "ताई, खरं सांगू, मला फार बरं वाटतंय. तुझ्यावर सगळं टाकून मी इकडं राहिलो, ते मला आत कुठं तरी खात होतं."

"तुझी नोकरी होती."

"नोकरी होती, पण तुझंही काही तरी होतंच ना. तू जा बाई. महिनाभर घराकडं बघूही नकोस."

साक्षी हो म्हणाली. हॉलमध्ये कोणी तरी पडून आहे आणि त्याला वळवायला माझ्याशिवाय कोणी नाही, हे वाक्य भावाला फोनवर सांगता येत नाही. तिनं मनात जुळवून पाहिलं आणि सोडून दिलं.

दुपारी तेजलचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी झाली, मग ती घुटमळली. "ताई, एक विचारू का? हसणार नाही ना?"

"नाही."

"आज सरांनी श्वासाचा व्यायाम घेतला. सगळ्यांनी चार आकड्यांत घ्यायचा, चार आकड्यांत सोडायचा. सगळ्यांचा सोडून झाला, आणि मग अजून एकाचा आला. उशिरानं. मला वाटलं सनी मस्करी करतोय. पण तो माझ्या शेजारी होता, ताई. आवाज मधून आला. असा खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. आणि वास येतोय हॉलमध्ये. सर म्हणे उंदीर मेला असंल. उंदराचा नाय तो. आमची आजी पडून होती ना, तिच्या खोलीत यायचा तसला हाय."

ओल्या चादरीचा. साक्षीनं ते तोंडातून काढलं नाही.

"तुम्ही उद्या येताय ना?" तेजलनं विचारलं. "तुम्ही नसल्या की कसं तरी होतं."

साक्षी गेली. दुसऱ्या दिवशी गेली आणि त्यानंतर रोज गेली. पावणेदहाला पोचून, हॉलमध्ये कोणी नसताना, ती एकदा कूस बदलायची, चादर घालायची, पाठ पुसायची. वर्ग संपताना पुन्हा एकदा. ते अंग दिवसागणिक जड होत होतं आणि आता स्वतःहून वळायचं बंद झालं होतं. आता ते नुसतं वाट बघायचं. तिचा हात लागला की सैल पडायचं. तिला ते ओळखीचं होतं. आपलं माणूस आलं, आता हे आपलं करेल, असं ते सैल पडणं होतं. उरलेल्या दिवसांत साक्षीला एकच गोष्ट पोखरत होती. सोमवारी जीप निघणार होती, आणि सोमवारी हिच्याकडं कोण बघणार होतं?

७

तिसाव्या दिवशी सरांनी फुलांचा हार, पेढे आणि प्रमाणपत्रं आणली. सगळे नटून आले होते. आधी फोटो झाले, मग सरांनी शेवटचा खेळ सांगितला. गोल उभं राहायचं. एकानं एक काल्पनिक वस्तू धरायची आणि हव्या त्या माणसाला द्यायची. घेणाऱ्यानं ती घ्यायची, तिला बदलायचं, आणि पुढं द्यायची.

"ह्यात सगळं आलं," सर म्हणाले. "घेणाऱ्यानं पूर्ण घेतल्याशिवाय देणाऱ्यानं सोडायचं नाही. आणि घेताना खरं घ्या. समोरच्यानं दगड दिला तर फूल म्हणून घेऊ नका. कितीही जड असलं तरी."

गोल त्या तिरक्या जागेभोवती झाला. दुसरीकडं तो होऊच शकला नसता. कोणी मांजराचं पिल्लू दिलं, कोणी गरम पातेलं. सनीकडं कळशी आली तर त्यानं ती सगळ्यांच्या अंगावर ओतली आणि हशा पिकला. मग साक्षीची पाळी आली. तिनं काही तरी हलकं द्यायचं ठरवलं होतं. रुमाल, किंवा पत्र. ती खाली वाकली, आणि दोन्ही हात आपोआप खांद्याखाली आणि गुडघ्यांखाली गेले. पलंगावरून खुर्चीत घेताना जातात तसे.

ते आलं. सगळंच्या सगळं, तिच्या दोन्ही हातांवर. तिची कंबर कचकली. मानेमागं दहा बोटं एकमेकांत अडकली, उजवी आणि डावी, घट्ट. आणि तिनं बघायचं नाही असं ठरवूनही तिला कोपराच्या पलीकडं लोंबणारं एक पाऊल दिसलं. मोठ्या माणसाचं पाऊल. टाच गुळगुळीत, मऊ, कुठं भेग नाही, घट्टा नाही. ते पाऊल जमिनीला कधी लागलेलंच नव्हतं. बोटं मात्र हलत होती, एकेक करून, नुकतीच मिळाल्यासारखी.

पापणी लवली आणि पुन्हा फक्त वजन राहिलं.

"छान," सर पुटपुटले. "द्या आता. कोणाला देताय?"

साक्षीनं गोलावरून नजर फिरवली. सनीला देऊन उपयोग नव्हता, तो घेणारच नव्हता, हसून टाकून देणार होता. बाकीचे अर्धवट घेणारे होते. तीस दिवसांत सगळे सगळं शिकले होते, पण दिलेलं खरं घ्यायला एकच जण शिकली होती. तिच्या समोर, गोलाच्या पलीकडं, तेजल उभी होती. तिनं आपणहून हात पुढं केले होते. ती हसत होती. ताईंना जड होतंय हे तिला दिसत होतं, आणि ताईंचं काही तरी आपण घ्यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

साक्षीला नाही म्हणता आलं असतं. हे सांगायलाच हवं, कारण पुढं तिनं स्वतःला बरंच काही सांगितलं. खेळ होता, शेवटचा दिवस होता, सर बघत होते, हात सुटत चालले होते. पण त्या क्षणी तिला सगळं नीट कळत होतं. तिला पेठचा घाट दिसत होता. सलग झोप दिसत होती. आणि ती इतकी दमली होती, इतकी दमली होती, की दुसऱ्या कोणाची दया करायला तिच्यात काही शिल्लकच नव्हतं.

ती चालत गोल ओलांडून गेली आणि तिनं हात पुढं केले.

तेजलनं पूर्ण घेतलं. आधी तिचे गुडघे वाकले. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मान किंचित पुढं ओढली गेली, मागून कोणी धरल्यावर जाते तशी. साक्षीच्या मानेवरून बोटं एकेक करून सुटली. दहावं बोट सुटेपर्यंत ती थांबली, कारण नियम तसा होता.

"वा!" शेखर सरांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवल्या. दारात झुंबाच्या मॅडम स्पीकर घेऊन उभ्या होत्या. सर म्हणाले, "बास. इथंच थांबू. वर्ग संपला." गोल मोडला, पेढ्यांभोवती गर्दी झाली, कोणी कोणाला मिठ्या मारल्या. तेजल मधोमध तशीच उभी होती, हात पुढं धरून. सनी तिच्याबरोबर सेल्फी काढून गेला.

८

साक्षीनं पर्स घेतली, प्रमाणपत्र घेतलं, चपला घातल्या. ती कोणाचा निरोप न घेताच जिन्याकडं निघाली. तिचे हात हलके झाले होते. इतके हलके की चालताना ते आपोआप वर येत होते आणि तिला ते खाली धरावे लागत होते. सात वर्षांत असं झालं नव्हतं, आणि तिला झालेला आनंद शंभर टक्के खरा होता.

ती चार पायऱ्या उतरली तेव्हा वरून तेजलची हाक आली. मोठ्यानं नव्हती. आजारी माणूस जागं होऊ नये म्हणून घरात बोलतात, त्या आवाजातली होती.

"ताई."

साक्षी कठड्याला धरून थांबली. खाली रस्त्यावर ट्रक मागे घेत होते.

"ताई, हिला आता कुठं ठेवू?"

स्पीकरवर झुंबाचं गाणं सुरू झालं. साक्षीला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. तिनं ते दिलं नाही. ती उरलेल्या पायऱ्या उतरून उन्हात आली आणि रिक्षा बघू लागली. सोमवारच्या बॅगेत जाड चादर घ्यावी की पातळ, ह्याचा ती विचार करत होती.